दुमडलेली नदी

खरं सांगा, तुम्ही शेवटचं जे नाटक पाहिलंत, त्यात मागच्या पडद्यावर काय होतं?

आठवा, आठवा. नायिकेने कितीदा कपडे बदलले ते आठवेल. ऐन मरणाच्या प्रसंगात कुणाचा मोबाइल वाजला ते आठवेल. पुढच्या रांगेतल्या माणसाचं टक्कलसुद्धा आठवेल. पडदा मात्र नाही. अहो, अख्खं नाटकभर डोळ्यांसमोर होता की!

मी चिडून विचारतेय, कारण याच प्रश्नाने टाचणीचं डोकं फिरवलं, आणि त्यातून जे लचांड मागे लागलं ते अजून सुटलेलं नाही.

टाचणी पडदे रंगवते. रंगमंचाच्या मागे तुम्हाला जंगल, तुरुंग, समुद्र, रेल्वे स्टेशन दिसतं ते तिच्या हातचं. अंगाने काडी आणि वर केसांचा हा एवढा गुंडा, म्हणून नाटक कंपनीतल्या कुणीतरी लहानपणीच टाचणी म्हटलं, आणि ते नाव टोचून बसलं. धंदा मावशीकडून आला. मावशी म्हणजे सख्खी, आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच हिला वाढवलं आणि वाढवता वाढवता हातात कुंचा दिला. मावशी गोड म्हातारी वगैरे नाही हं. तोंडाने फाटकी, मानाला हपापलेली, आणि रुसली की दगड.

पडदा उभा करून रंगवत नाहीत, आडवा टाकून रंगवतात. नाट्यगृहाच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड आहे. तिच्या फळ्यांच्या जमिनीवर कापड ताणायचं, कडेने खिळे मारायचे, सरस आणि खडूची पूड घालून अस्तर द्यायचं. मग पायांत जुने मोजे चढवून, लांब दांड्याचे कुंचे घेऊन कापडावरच चालायचं, अंगण झाडल्यासारखं. रंगवणारीला स्वतःचं काम दिसतं ते पावलापुरतं. सबंध चित्र दिसतं ते दोर ओढून पडदा वर गेला की.

या दोघींची एक रीत होती. मावशी एका टोकाकडून सुरुवात करायची, टाचणी दुसऱ्या. मध्ये कुठेतरी गाठ पडायची. नेमकी कुठे, ते ठरलेलं नसायचं. मावशीचे गुडघे कुरकुरत असले की गाठ तिच्या बाजूला सरकायची. पण गाठ पडली म्हणून दोघी थांबायच्या नाहीत. एकमेकींना ओलांडून पुढे जायच्या, ही तिच्या कामावरून आणि ती हिच्या, थेट समोरच्या टोकापर्यंत, वाटेत जे खटकेल ते सुधारत. याला त्या ओलांडा म्हणायच्या. ओलांडा चालू असताना तोंडंही चालू.

"हे झाड आहे की खराटा गं?"

"तुझ्या ढगांपेक्षा बरं. ढग आहेत की उशा?"

"उशा तर उशा. राजाला झोप तरी लागेल."

टोक गाठेपर्यंत कुठलं पान कुणाचं हे दोघींनाही सांगता यायचं नाही. रंग एकाच पिंपातला, कुंचे एकाच बादलीत. बसडेपो वाचवायच्या मोर्च्यासाठी मोठा फलक रंगवून घ्यायला मी पहिल्यांदा त्या शेडमध्ये गेले तेव्हा मावशीने माझा मजकूर वाचला आणि म्हणाली, "वकीलबाई, एवढं सगळं ओरडायचं असेल तर कापड कशाला, घसा आहे ना?" मला लोक वकीलबाई म्हणतात, सनद नाही, भांडण आहे. मजकूर निम्मा करून दोघींनी फलक असा काढला की तो बघून पोलिसांनीही दोन पावलं मागे घेतली. तेव्हापासून मी त्यांची.

मग ते जंगल झालं. मोठं नाटक, तीन अंक, पडद्यावर घनदाट जंगल. असं जंगल की पहिल्या रांगेत बसून मला डास चावल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. नटांवर लिहिलं होतं, प्रकाशावर लिहिलं होतं, मध्यंतरातल्या कॉफीवरही लिहिलं होतं. पडद्यावर एकच वाक्य, "मागे जंगल होतं."

टाचणी पेपर घेऊन तरातरा आमच्या संघटनेच्या खोलीत आली. "होतं? म्हणजे काय, उगवलं? आम्ही दोघी काय खत घालत होतो?"

"त्याला काय कळतंय," मी म्हटलं.

"त्याला नाही कळत, मग कुणाला कळतं? मला कळतं. मग मी का नाही लिहीत?"

हा तिचा खरा प्रश्न. पडद्यावर कुणी लिहीत नाही, कारण जे लिहितात ते रंगवत नाहीत आणि जे रंगवतात ते लिहीत नाहीत. तेवढ्यात तिला विद्यापीठातल्या एका अभ्यासक्रमाचं कळलं. पदवीनंतरचा, दोन वर्षांचा, खास हाताने काम करणाऱ्या कलाकारांसाठी. समीक्षा कशी लिहायची, संशोधन कसं करायचं, स्वतःच्या कामाकडे परक्याच्या नजरेने कसं बघायचं, ते शिकवणारा. टाचणीने बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतलेली होतीच. मी म्हटलं, जा. मावशी म्हणाली, "लिहून काय होणार, पडदा जाड होणारे?" पण अर्जासाठी फोटो काढायला जाताना केस हिचे तिनेच विंचरून दिले.

पहिलं वर्ष झकास गेलं, खोटं कशाला बोलू. तिथे वर्गात दर आठवड्याला एकाने आपलं काम मांडायचं आणि मग गप्प बसायचं. बाकीचे त्यावर बोलणार, करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. जिने आयुष्यभर कुंचा मारताना शिव्या खाल्ल्या आणि तिथल्या तिथे परत केल्या, तिला हे कसं जमावं? वर्गातला एक फोटोवाला म्हणाला, "या डाव्या कोपऱ्यात अवकाशाचं दमन आहे."

"दमन नाही, दार आहे. राजा तिथून येतो."

सगळे हसले. शिकवणाऱ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पण हसल्या त्याही. बाई स्वतः मातीची शिल्पं करायच्या, नखांत माती घेऊनच वर्गात यायच्या. वाईट बाई नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

टाचणी गप्प बसायला शिकली आणि लिहायलाही. काय लिहायची! एका लेखात तिने लिहिलं, नट मरतो तेव्हा पडद्यालाही थोडं मरावं लागतं. मागचं झाड फार हिरवं असलं तर माणूस मेल्याचं कुणाला खरं वाटत नाही. मी ते शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीने दोनदा वाचायला लावलं.

"हे मी सांगितलं होतं तिला."

"हो गं बाई, तूच सांगितलंस," टाचणी म्हणाली.

"मग लिही ना तसं. का हात झडतो?"

"लिहीन. प्रबंधात लिहीन. सबंध प्रकरण तुझ्यावर."

मावशी फुगली. तेव्हा सुखाने फुगली होती.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. टाचणीने विषय मांडला: दोघींनी मिळून पडदा रंगवण्याची पद्धत. समितीपुढे बोलायला गेली आणि तोंड पाडून परत आली. समितीने विषयाची वाहवा केली आणि एकच विचारलं, "यातलं तुमचं काम कोणतं? सहकाऱ्याचं वगळून, तुमचं सर्जनशील योगदान दाखवा. पदवी तुम्हाला द्यायचीय."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सांगता येत नाही. तर म्हणाले, तेच तर संशोधन."

माझी टाळकीच सरकली. अरे, मधमाशीला विचारा ना, यातला तुझा मध कुठला! पण टाचणीला वर्षभरात विद्यापीठाची भाषा लागली होती. ती म्हणाली, प्रश्न चुकीचा नाही, उत्तर काढायची पद्धत शोधायला हवी. आणि शोधली. नव्या नाटकात नदी होती, डोंगरातून येऊन सबंध रंगमंचभर आडवी वाहणारी. टाचणीने ठरवलं की या कापडावर बरोबर मध्यावर सुतळी ताणायची. अलीकडे मावशी, पलीकडे ती. सुतळी कुणी ओलांडायची नाही. वर तुळईला कॅमेरा. आणि सरमिसळ नको म्हणून रंगाची पिंपंही वेगळी, जिचं तिने कालवायचं. वेगळ्या पिंपांचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, बाईंनीही नाही. हे तिचं स्वतःचं. चांगला विद्यार्थी सांगितल्यापेक्षा जास्त करतो ना, तसं.

मावशीने सुतळीकडे पाहिलं. "हे कपडे वाळत घालायला?"

"अभ्यासासाठी आहे गं. एवढ्या एका पडद्यापुरतं."

"तुझ्या शाळेसाठी ना? मग ओढ. घट्ट ओढ, नाहीतर म्हातारी पलीकडे सांडेल."

दोघी रंगवत मध्याशी आल्या, आणि थांबल्या. मी तिथे होते. मावशीचा एक पाय सवयीने उचलला गेला होता, तो तिने तसाच मागे घेतला. ओलांडा नाही, म्हणून शिव्याही नाहीत. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नदी मात्र ओली असताना सलग दिसत होती, निळीशार.

पण सरसातला रंग ओला असताना गडद असतो आणि वाळला की फिका पडतो. किती फिका, ते कालवणाऱ्या हातावर. एका पिंपातला रंग सगळीकडे सारखा फिका पडतो, म्हणून या दोघींना त्याची कधी फिकीर करावी लागली नव्हती. आता पिंपं दोन. रंगीत तालमीला दोर ओढले, पडदा वर गेला, आम्ही समोर खुर्च्यांत बसलो होतो, आणि दिग्दर्शक म्हणाला, "नदी मध्येच दुमडलीय का?"

दुमडली होती. अर्धी नदी आभाळासारखी निळी, अर्धी राखाडीकडे झुकलेली, आणि मधोमध उभी रेघ. पाणी तिथे यायचं आणि थांबायचं. वर लाटांचा उतारही जुळत नव्हता. मावशीच्या लाटा अंगावर येणाऱ्या, टाचणीच्या पसरट.

मावशी उठली. "खाली घ्या. ओलांडा राहिलाय. दुपारपर्यंत वाहायला लावते."

आणि टाचणी म्हणाली, "थांब मावशी. हात लावू नकोस. तो पुरावा आहे."

मावशी वळली. "कशाचा पुरावा? चोरी झालीय?"

"तसं नाही गं. माझी बाजू आणि तुझी बाजू आता स्पष्ट दिसतेय. तू माझ्या बाजूला गेलीस तर सगळं परत एक होईल. प्रबंध होईपर्यंत राहू दे ना."

मावशीने मोजे काढले, झटकले, पिशवीत कोंबले आणि घरी गेली. जिची जीभ पंचक्रोशीत कुणी थोपवली नव्हती, ती मुकाट गेली. टाचणी रडवेली झाली, पण पडदा तिने खाली घ्यायला सांगितला नाही. मी तिला तिथेच झापलं. "पुराव्यापायी म्हातारीला हाकललंस!" ती मला म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, जा म्हणून?"

नाटक तसंच लागलं. आणि आता मजा ऐका. पेपरात परीक्षण आलं, त्याच माणसाचं. ज्याला जंगल उगवल्यासारखं दिसलं होतं त्याने या वेळी पडद्यावर दोन परिच्छेद लिहिले! "मधोमध भंगलेली नदी हेच या प्रयोगाचं खरं पात्र आहे." कंपनीच्या मॅनेजरने ताबडतोब नवी पोस्टरं छापली, त्यांवर नटांऐवजी ती रेघ. बाईंचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाल्या, "अगं, हाच तुझा निष्कर्ष!" आयुष्यभर दोघींनी चोख काम केलं तेव्हा कुत्रं फिरकलं नाही. एकदा माती खाल्ली तर आरत्या!

पुढचं नाटक तुरुंगाचं. मावशी आली, वेळेवर आली, आणि कापडाच्या कडेला उभी राहून विचारती झाली, "कुठपर्यंत माझं?"

"मावशी, असं काय करतेस?"

"नीट सांग बाई. पुरावा बिघडायला नको."

मधल्या गजापर्यंत रंगवून तिने कुंचा धुतला आणि गेली. तुरुंग होता, गज होते, खपून गेलं. त्यानंतर ती आलीच नाही. गल्लीच्या तोंडाशी सोफ्यांच्या गवसण्या शिवणारं दुकान आहे, तिथे मशीनवर बसायला लागली.

मी विद्यापीठात गेले. म्हटलं, प्रबंधावर दोघींची नावं घाला, काम दोघींचं आहे. विभागप्रमुख म्हणाले, ऋणनिर्देशात जरूर घालू. मी म्हटलं, "ऋण नाही हो, पडदा आहे तो!" आवाज चढला, दाराशी शिपाई येऊन उभा राहिला. बाई मला बाहेर घेऊन गेल्या, चहा पाजला आणि गंभीर होऊन म्हणाल्या, "तुमचा राग अगदी योग्य आहे. तो प्रबंधात कुठे बसवता येईल, याचा मी विचार करते." आता या माणसांशी भांडायचं तरी कसं? दगड मारावा तर झेलून काचेच्या कपाटात ठेवतात.

शेवटची तोंडी परीक्षा खुली होती, कुणीही ऐकायला जावं. मावशी आली नाही. टाचणी उभी राहिली, मागे भिंतीवर नदीचा फोटो. बाईंनी तिला बजावलं होतं, रेघेचा अर्थ नीट मांड. ती म्हणाली, "याला अर्थ नाही. ही चूक आहे. रंग वेगळे कालवले, ही एक. दुरुस्त करायला निघालेल्या बाईला मी हात लावू नको म्हटलं, ही दुसरी. दुसरी मोठी आहे. पद्धत शोधायला गेले आणि पद्धतच मोडली. आता आम्ही दोघी रंगवत नाही. एवढंच माझं संशोधन."

मी मागच्या रांगेत मूठ आवळून बसले होते. म्हटलं, पोरीने बाजी मारली! आता नापास करतील, मग बाहेर आपण घोषणा देऊ. परीक्षकांनी माना हलवल्या, आपसांत कुजबुजले, आणि तिला विशेष प्रावीण्य दिलं. शेरा काय, तर "दुर्मीळ प्रामाणिकपणाची आत्मचिकित्सा." भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत म्हणते, वा, काय टोला!

टाचणी पदवी घेऊन शेडमध्ये आली आणि एका टोकाला बसून राहिली. नवं कापड पसरलेलं होतं, बाजार रंगवायचा होता. एका टोकाकडून चालत ती दुसऱ्या टोकाला पोचते, पण वाटेत भांडायला कुणी नाही, आणि तिचे बाजार आता ओस दिसतात. हे मी नाही, तीच म्हणते. तिची नजर पक्की झालीय ना, परक्यासारखी. स्वतःची खोट तिला लगेच दिसते, फक्त ती ज्या हाताने जायची तो हात आता नाही.

शेवटी मी तिला घेऊन त्या गवसण्यांच्या दुकानात गेले. मावशीने मशीन थांबवलं नाही. टाचणी रडू लागली.

"गवसणीवर रडू नकोस, डाग पडतात," मावशी म्हणाली.

"मावशी, प्रबंधात तुमचं नाव पहिल्याच पानावर आहे," मी मध्ये तोंड घातलं.

"मला नाव नकोय, वकीलबाई. माझी नदी मला अर्धी ठेवून परत दिलीय हिने. शहरभर चिकटवलीय. दूध आणायला जाते तर दिसते, दुकान उघडते तर दिसते. लोक म्हणतात काय छान भंगलीय!"

"मग चल ना, दुरुस्त करू," टाचणी म्हणाली. "आत्ता चल. मी हात जोडते."

मशीन थांबलं. "कंपनीने म्हटलं दुरुस्त करा, तर येईन. काम आहे म्हणून येईन. तुझ्या पदवीसाठी नाही आणि तुझ्या रडण्यासाठी तर मुळीच नाही. आणि आले की ओलांडणार. पार त्या टोकापर्यंत. चालेल?"

"चालेल."

"तुझ्या लाटा झोपल्यात, माहितेय ना?"

"माहितेय."

"जा मग. कंपनीला सांग."

आम्ही दोघी तशाच मॅनेजरकडे गेलो. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "वेड लागलंय? लोक ती फट बघायला येतात."

"ती चूक आहे," टाचणी म्हणाली. "मी रंगवलीय, मला माहीत आहे."

"तुमच्या दृष्टीने असेल. माझ्याकडे आजवर एका प्रेक्षकाने तक्रार केलेली नाही. प्रेक्षक म्हणाले तर एका दिवसात पडदा खाली घेतो."

मी टेबलावर हात आपटला, नेहमीप्रमाणे. तो हसला, नेहमीप्रमाणे. पण त्याचं ते वाक्य मी पदराला गाठ मारून आणलंय.

नाटक अजून चालू आहे. नाट्यगृह शोधावं लागणार नाही, पोस्टरवर ती रेघच छापलीय. तुम्ही एकदा जा. या वेळी नटांकडे थोडं दुर्लक्ष करा आणि मागे बघा. त्या रेघेपाशी पाणी कसं अडून बसलंय ते बघा. शेजारच्याने "काय प्रतीक आहे!" म्हटलं तर मान डोलवू नका. आणि बाहेर पडताना तिकीटखिडकीच्या बाजूला मॅनेजरची खोली आहे, दार उघडंच असतं. तिथे थांबा आणि त्याला तोंडावर सांगा, नदी दुमडलीय, ज्यांनी रंगवली त्या दोघींना बोलावून दुरुस्त करून घ्या.